शहाण्याने कोर्टाची पायरी चढावी

(एका व्याख्यानमालेत ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



‘गुन्हा करूनही काही जण शिक्षेतून का सुटतात?’ हा विषय संयोजकांनी सुचविला, तेव्हा मी त्यांना प्रथम असे म्हटले की, यासाठी एखादे निवृत्त न्यायाधीश किंवा नामवंत विधिज्ञ बोलवावेत. मी कायद्याचा पदवीधर नाही. कला शाखेत मराठी आणि इतिहास शिकलो आणि वृत्तपत्राच्या कचेरीत शिरलो. तथापि, गेल्या तीस वर्षांतील बराच काळ जिल्हा न्यायालयांच्या व्हरांड्यात गेला आहे. न्यायदानाच्या दालनात कायदा दिसतो. व्हरांड्यात माणसे दिसतात. आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते त्या व्हरांड्यातून.

न्यायाचा विषय निघाला की आपल्याकडे रामशास्त्री प्रभुण्यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी भर दुपारी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. रामशास्त्र्यांनी शोध घेतला, दोषाचा धागा थेट रघुनाथरावांपर्यंत नेला आणि याला देहान्त प्रायश्चित्तच आहे, असे त्यांच्या तोंडावर सांगून ते पुण्यातून निघून गेले. ही कथा ऐकताना आजही आपली मान ताठ होते. परंतु कथेचा उत्तरार्ध आपण सहसा सांगत नाही. रघुनाथरावांना ते प्रायश्चित्त कोणी दिले? कोणीही दिले नाही. १७८३ मध्ये कोपरगावी त्यांना नैसर्गिक मृत्यू आला. त्यांच्या हातून गादी गेली, ती मात्र निकालामुळे नव्हे, तर नाना फडणवीस, सखारामबापू आदी बारभाई एकत्र उभे राहिले म्हणून गेली.

बंधूंनो, अडीचशे वर्षांपूर्वीचा हा धडा आहे. निःस्पृह न्यायाधीश असणे ही अर्धी गोष्ट झाली. निकालापूर्वी आणि निकालानंतर न्यायाच्या बाजूने उभी राहणारी माणसे नसतील, तर रामशास्त्रीही एकटे पडतात.

सुटण्याच्या वाटा

गुन्हेगाराला सुटण्याच्या वाटा अनेक आहेत. पहिली वाट पळून जाण्याची. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यात विशेष न्यायालयाने शंभर जणांना दोषी ठरविले, पण कटाचे सूत्रधार दाऊद इब्राहिम आणि टायगर मेमन त्या पिंजऱ्यात कधी उभेच राहिले नाहीत. दुसरी वाट सदोष तपासाची. तिसरी विलंबाची, खटला इतका लांबवायचा की पुरावा विरून जावा आणि लोकांची स्मृतीही. या सर्व वाटांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आज मला ज्या वाटेविषयी बोलायचे आहे ती सर्वांत जास्त वर्दळीची आहे आणि ती आपल्या दारावरून जाते. ती वाट म्हणजे साक्षीदाराचे माघारी फिरणे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ मध्ये खुनाच्या ज्या खटल्यांचे निकाल लागले, त्यांपैकी निम्म्याहून कमी खटल्यांत आरोप सिद्ध झाला. सुटलेले सर्वच गुन्हेगार होते, असे मी म्हणणार नाही. निरपराध माणसाला सोडणे हेही न्यायालयाचेच काम आहे आणि ते तितकेच पवित्र आहे. पण प्रत्येक खुनात कोणाचा तरी हात असतोच. मग तो हात निम्म्याहून अधिक वेळा न्यायालयाच्या हाती का लागत नाही?

दिल्लीतील एक रात्र

एक उदाहरण सविस्तर पाहू. २९ एप्रिल १९९९ ची रात्र. दिल्लीत कुतुबमिनारजवळच्या एका उपाहारगृहात श्रीमंतांची मेजवानी रंगली होती. मध्यरात्र उलटून गेली होती. जेसिका लाल नावाची तरुणी तेथे मद्य देण्याचे काम पाहत होती. मद्य संपले आहे, आता मिळणार नाही, एवढेच तिने एका तरुणाला सांगितले. त्याने पिस्तूल काढून एक गोळी छताकडे झाडली आणि दुसरी तिच्या मस्तकात. तो तरुण म्हणजे मनू शर्मा. हरियाणातील एका वजनदार राजकीय नेत्याचा, माजी केंद्रीय मंत्र्याचा मुलगा.

मेजवानीला मोठी गर्दी होती. खटला उभा राहिला तेव्हा मात्र एकामागून एक साक्षीदार फिरले. ज्याच्या जबानीवर प्रथम खबर नोंदली गेली, तो उमेदीचा मॉडेल न्यायालयात म्हणाला की, जबानी हिंदीत लिहिली होती आणि मला हिंदी वाचता येत नाही. गोळ्या दोन निरनिराळ्या माणसांनी झाडल्या, असेही त्याने सांगून टाकले. पिस्तूल कधी सापडलेच नाही. दोन गोळ्या दोन शस्त्रांतून सुटल्या असाव्यात, या तर्काला वाव मिळाला आणि २१ फेब्रुवारी २००६ रोजी सर्वच्या सर्व नऊ आरोपी निर्दोष सुटले. सात वर्षे उलटल्यावर देशाला सांगण्यात आले की, जेसिका मेली खरी, पण तिला मारले कोणी ते ठाऊक नाही.

पुढे जे घडले ते तुमच्या स्मरणात असेल. जेसिकाची बहीण सबरीना हिने लढा सोडला नाही. वृत्तपत्रांनी विषय लावून धरला. इंडिया गेटवर लोक मेणबत्त्या घेऊन उभे राहिले. दिल्ली उच्च न्यायालयाने अपील ऐकून डिसेंबर २००६ मध्ये मनू शर्माला जन्मठेप दिली आणि १९ एप्रिल २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. शिक्षेत सूट मिळून २०२० मध्ये तो बाहेर आला, ही गोष्ट वेगळी.

या कथेतील मेणबत्त्यांची आठवण सर्वांना आहे. मला मात्र दुसऱ्याच माणसांची आठवण करून द्यायची आहे. त्या जागेची मालकीण, तिची मुलगी आणि तिचा पती हे तिघे सात वर्षे आपल्या साक्षीवर ठाम राहिले. उच्च न्यायालयाला निकाल फिरविता आला, तो असे काही साक्षीदार शिल्लक होते म्हणून. मेणबत्ती न्यायाची मागणी करू शकते. पुरावा होऊ शकत नाही. अपिलात पुन्हा वाचली गेली, ती साक्षच.

फितूर कोण?

उलटलेल्या साक्षीदाराला आपण मराठीत ‘फितूर’ म्हणतो. हा शब्द आपल्या इतिहासातून आलेला आहे. किल्ल्याचा दरवाजा शत्रूला आतून उघडून देणारा तो फितूर. शब्द उच्चारताच त्या माणसाविषयी तिटकारा वाटतो. पण थोडा विचार करा. किल्ल्यावर जो उभा असे, त्याला पगार होता, शस्त्र होते, वर किल्लेदार होता आणि मागे राज्य होते. आपल्या साक्षीदाराच्या मागे कोण आहे?

न्यायालयाच्या व्हरांड्यात मी त्याला शेकडो वेळा पाहिला आहे. त्याला समन्स येते. तो मजुरी बुडवून एसटीने येतो. सकाळी अकरापासून भिंतीला टेकून उभा राहतो, कारण बसायला जागा नसते. ज्याच्याविरुद्ध बोलायचे, तो आरोपी आपल्या मित्रमंडळींसह चार हातांवर उभा असतो आणि अधूनमधून त्याच्याकडे पाहून हसतो. दुपारी पुकारा होतो. आरोपीचे वकील दुसऱ्या न्यायालयात गुंतलेले असतात. तारीख पडते. असे पाच-सहा वेळा होते. साक्षीदाराला मिळणारा भत्ता बहुधा त्याने मागितलेलाच नसतो, कारण तो मिळतो हेच त्याला कोणी सांगितलेले नसते. अखेर साक्ष होते, त्या दिवशी वकील त्याला विचारतात की, सात वर्षांपूर्वीच्या संध्याकाळी किती वाजले होते आणि तुम्ही किती फुटांवर होता?

सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्वर्णसिंग खटल्याच्या निकालात साक्षीदाराच्या या हालांवर कडक शब्दांत बोट ठेवले होते. तारखांचा सपाटा, स्वतःच्या खिशातून होणारा खर्च, धाकदपटशा आणि न्यायालयात मिळणारी तुच्छतेची वागणूक, या सर्वांमुळे सामान्य माणूस साक्षीदार व्हायला तयार नसतो, असा त्याचा आशय होता. म्हणजे ही गोष्ट न्यायव्यवस्थेला ठाऊक नव्हती असे नाही.

पंचनाम्याचीही तीच कथा. घटनास्थळी पोलीस दोन पंच शोधू लागले की आजूबाजूची दुकाने भराभर बंद होतात. मग पोलीस ठाण्याभोवती वावरणारा नेहमीचा पंच पकडला जातो. पुढे आरोपीचे वकील त्याला एवढेच विचारतात, ‘आजवर किती पंचनाम्यांवर सह्या केल्यात?’ तेथेच जप्तीचा पुरावा लंगडा होतो. त्या दिवशी दुकानाचे शटर ओढून घेणारे आपण सर्व त्या सुटकेत भागीदार असतो.

तेव्हा प्रश्न असा की, आधी कोण कोणाला फितूर झाले? साक्षीदार समाजाला, की समाज साक्षीदाराला?

कुबड्या घेऊन आलेली साक्ष

याच महाराष्ट्रातले दुसरे चित्र पाहा. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हुतात्मा तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीवर कसाबची बंदूक छातीशी कवटाळली आणि त्याला जिवंत पकडून दिले. त्या बलिदानामुळे खटला शक्य झाला. पण तेथून फाशीच्या दोरापर्यंतचा रस्ता साक्षीदारांनी तुडविला. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पायात गोळी लागलेली देविका रोटवान तेव्हा नऊ वर्षांची होती. जून २००९ मध्ये ती कुबड्या घेऊन विशेष न्यायालयात आली आणि तिने कसाबकडे बोट दाखविले. कामा रुग्णालयातील परिचारिका अंजली कुलथे यांनी त्या रात्री वीस गर्भवती महिलांना सुरक्षित ठेवले आणि नंतर कसाबला ओळखण्याचे कर्तव्यही बजावले. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात कसाबला फाशी झाली.

या देशाने देविकाचे कौतुक पुष्कळ केले. आणि वागवले कसे? दहशतवाद्यांच्या भीतीने ओळखीचे लोक दूर राहू लागले, असे तिने स्वतःच अनेकदा सांगितले आहे. घरासाठी तिला पुढे उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. नऊ वर्षांच्या मुलीला जे धैर्य झाले, ते तिच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना झाले नाही. शौर्याला टाळ्या वाजवायच्या आणि त्याच्या शेजारी उभे राहायचे नाही, ही आपली रीत झाली आहे.

आपला माणूस

आता एक अप्रिय गोष्ट. परक्या, दूरच्या गुन्हेगाराला शिक्षा व्हावी, यावर आपले एकमत असते. कसोटी लागते ती आरोपी आपल्या जातीचा, आपल्या पक्षाचा, आपल्या श्रद्धास्थानाचा असतो तेव्हा. आसाराम प्रकरणात काय झाले? एका अल्पवयीन मुलीने तक्रार केली. हजारो अनुयायांनी क्षणात ठरवून टाकले की, हे कारस्थान आहे. खटल्यांतील साक्षीदारांवर हल्ले झाले, काहींचे प्राण गेले. मुलगी आणि तिचे वडील डगमगले नाहीत, म्हणून एप्रिल २०१८ मध्ये जोधपूरच्या न्यायालयाने आसारामला जन्मठेप सुनावली. त्या प्रकरणातील हल्ला झालेल्या साक्षीदारांपैकी एक जण सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्या याचिकेवर डिसेंबर २०१८ मध्ये न्यायालयाने देशभरासाठी साक्षीदार संरक्षण योजना लागू केली.

धर्माचा अभिमान बाळगणाऱ्या आपण या प्रकरणाकडे विशेष बारकाईने पाहिले पाहिजे. भगव्या वस्त्राआड गुन्हा लपत असेल, तर त्या वस्त्राचा मान राखण्याचा मार्ग एकच आहे. ते पांघरूण दूर करणे. रामशास्त्र्यांनी आपला आणि परका पाहिला असता, तर ज्याच्या हाती सत्ता होती त्यालाच प्रायश्चित्त सांगितले नसते.

आणि याच्या उलट टोकाचा मोहही टाळला पाहिजे. डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातील चार आरोपी पोलिसांच्या चकमकीत मारले गेले, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या आयोगाने, ज्याचे अध्यक्ष आपले न्यायमूर्ती विकास सिरपूरकर होते, तो गोळीबार जाणूनबुजून ठार मारण्यासाठी केला गेला, असा निष्कर्ष २०२२ मध्ये नोंदविला. ते चौघे खरोखर दोषी होते की नव्हते, हे आता कोणतेही न्यायालय सांगू शकणार नाही. फुले उधळायला हजारो हात येतात. साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहायला दोन पाय येत नाहीत. पहिली गोष्ट वाढते ती दुसरी आटते म्हणून.

माझी कबुली

येथवर मी दुसऱ्यांविषयी बोललो. आता स्वतःविषयी बोलतो. कारण ते टाळून मला येथे उभे राहता येणार नाही.

तीसएक वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी मी बातमीदार होतो. एका संध्याकाळी बसस्थानकासमोर हप्ता दिला नाही म्हणून एका भाजीविक्रेत्याला स्थानिक गुंडाने लोखंडी गजाने मारले. तो जन्माचा अधू झाला. मी दहा-बारा पावलांवर उभा होतो. मारणाऱ्याचा चेहरा मी स्पष्ट पाहिला. पोलीस आले, त्यांनी विचारले, ‘कोणी पाहिले?’ गर्दी विरघळली. मीही कचेरीकडे वळलो. स्वतःची समजूत घातली की, पत्रकाराने तटस्थ असावे. त्या रात्री मी बातमी लिहिली आणि तिच्यात शब्द वापरले, ‘प्रत्यक्षदर्शींनी दिलेल्या माहितीनुसार’. बंधूंनो, तो प्रत्यक्षदर्शी मी होतो.

एकच माणूस पुढे आला. समोर सायकली दुरुस्त करणारा. त्याने जबानी दिली. पुढची सहा वर्षे तो तारखांना येत राहिला. मधल्या काळात त्याच्या दुकानाला एका रात्री आग लागली. साक्षीच्या दिवशी तो पिंजऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला, ‘अंधार होता, दिसलं न्हाई.’ आरोपी सुटला. मी मथळा दिला, ‘साक्षीदार फितूर, आरोपी निर्दोष’.

काही दिवसांनी बसस्थानकावर त्याची गाठ पडली. त्याने अंक वाचलेला होता. रागावला नाही. एवढेच म्हणाला, ‘साहेब, तुमी बी व्हता की तितं.’

त्या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. त्या मथळ्यातील फितूर कोण होता, ते मला आणि त्याला दोघांनाही ठाऊक होते. आम्ही दोघे उभे राहिलो असतो, तर त्याच्या एकट्याच्या दुकानाला आग लावून काम भागले नसते.

काय करता येईल?

कायद्याने काहीच केले नाही, असे नाही. महाराष्ट्राने २०१७ मध्ये साक्षीदारांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने प्रत्येक राज्याला साक्षीदार संरक्षण योजना करणे बंधनकारक केले, तारखा वाढवून देण्यावर मर्यादा घातली आणि दहा वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांनी आणलेल्या साक्षीदाराचा जबाब न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदविण्याची तरतूद केली. पोलिसांपुढे दिलेल्या जबानीवर साक्षीदाराची सही नसते आणि ती स्वतंत्र पुरावा म्हणून उभी राहत नाही. न्यायदंडाधिकाऱ्यासमोर दिलेल्या जबाबावरून सहजासहजी माघारी फिरता येत नाही. धोका असेल, तर जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे संरक्षणासाठी अर्ज करता येतो. हे सारे कागदावर आहे. कागद व्हरांड्यापर्यंत आणण्याचे काम समाजाचे आहे.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. आपल्या गावोगाव संघटना आहेत, गणेशोत्सव मंडळे आहेत, महिला बचत गट आहेत, ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. आपल्या वस्तीतील कोणाला साक्षीचे समन्स आले, तर त्या दिवशी त्याच्यासोबत पाच माणसांनी जावे. घोषणा द्यायच्या नाहीत, फलक धरायचे नाहीत, त्याने काय सांगावे हे तर मुळीच शिकवायचे नाही. पढविलेली साक्ष ही फितुरीइतकीच पापाची आहे. केवळ त्याच्याजवळ उभे राहायचे. त्याला भत्ता मिळतो का ते पाहायचे. त्याचा डबा न्यायचा. त्याच्या मालकाला भेटून त्या दिवसाची मजुरी कापू नका, असे सांगायचे. संरक्षणाचा अर्ज करायचा असेल, तर आपल्यातल्या वकिलाने तो विनामूल्य लिहून द्यायचा. आरोपी आपल्या टोळक्यासह उभा असतो. साक्षीदारही एकटा नाही, एवढे त्याला दिसले पाहिजे. बारभाईंचे बळ ते हेच.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपण पिढ्यानपिढ्या मुलांना शिकविली. ती सांगणाऱ्यांनी कोर्टाचे चटके सोसले होते, हे मला मान्य आहे. पण या एका म्हणीने जितक्या गुन्हेगारांना सोडविले, तितके एखाद्या निष्णात वकिलानेही सोडविले नसतील. शहाणे पायरी चढत नाहीत, म्हणून तेथे एक तर निर्ढावलेले उरतात, नाही तर निराधार.

तो सायकलवाला आता या जगात नाही. त्याच्या एका वाक्याचे उत्तर त्याला देण्याची संधी माझ्या हातून गेली. तुमच्यापैकी कोणावर ती वेळ येईल, तेव्हा ‘कोणी पाहिले?’ या प्रश्नावर मान वळवू नका. ‘मी पाहिले’, एवढे दोन शब्द उच्चारा आणि शेजारी उभ्या असलेल्याचाही हात धरा.